पाठीची घडी

सर समोर आले की आधी अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासायचे. तपकीर ओढणारा माणूस चिमूट घेण्याआधी करतो ना, तसं. मग तुम्ही नमस्कार करा नाहीतर हात पुढे करा, त्यांची ती दोन बोटं तुमच्या दंडाच्या मागे पोचलेली असायची. शर्टावरूनच एक चिमटा, डोळे अर्धे मिटलेले, आणि मग निकाल.

"सतरा. दिवाळीआधी पंधरा होता की हो. फराळ सोसलेला दिसत नाही."

फराळ खरंच सोसलेला नसायचा.

मांडवीच्या बाजूला तुम्ही कधी सकाळी फिरायला गेला असाल तर त्यांना पाहिलंच असेल. पांढरी हाफ पँट, गळ्यात शिट्टी, पाठ अशी ताठ की मागून बघणाऱ्याने आपली पाठ सरळ करावी. जेटीच्या टोकाला जाऊन समुद्राकडे न बघताच परत फिरणारा दुसरा माणूस मी रत्नागिरीत पाहिला नाही. समुद्रात त्यांना काही मोजण्यासारखं दिसत नसावं.

ते आमच्या कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. मूळचे घाटावरचे, कोल्हापूरच्या पलीकडचे कुठले तरी. कोकणात उभी नोकरी काढली, पण बोलणं घाटावरचंच राहिलं आणि कोकणाबद्दलचं मतही. "आमटीत नारळ, भाजीत नारळ, माशात नारळ," ते स्टाफरूममध्ये सगळ्यांचे डबे उघडे असताना म्हणायचे. "तुम्हा लोकांना मेल्यावर रॉकेल लागायचं नाही, लेको." लोक हसायचे आणि खोबऱ्याची वाटी हळूच झाकून घ्यायचे.

मी त्याच कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. मुलं मला काका म्हणायची, सर मला 'लॅबवाले' म्हणायचे. मी मुळात कमी बोलणारा. सरांशी मी जे केलं ते गेली कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. हे लिहितोय तेही तोंडाने सांगायला जमत नाही म्हणून.

आधी त्या उपकरणाबद्दल सांगतो. त्याला कॅलिपर म्हणतात. आमच्या लॅबमध्येही कॅलिपर होते, पण ते लोखंडी गजाची जाडी मोजायचे. सरांचा माणसाची चरबी मोजायचा. मुलं त्याला चिमटाच म्हणायची. दोन बोटांनी कातडीची घडी ओढून धरायची, तिच्यावर चिमट्याचे दोन ओठ ठेवायचे आणि मूठ सैल सोडायची. मग आतल्या स्प्रिंगा ठरावीक जोराने ती घडी दाबतात आणि तबकडीवरचा काटा सांगतो, घडी किती मिलिमीटर. दंड, पाठ, कंबर, मांडी अशा जागा घ्यायच्या, बेरीज करायची, तक्त्यात बघायचं, की अंगात चरबी किती टक्के ते निघतं. अंदाजच तो. पण सरांनी त्याला कधी अंदाज म्हटलं नाही.

त्याचं सगळं सोवळं त्यांनी ठरवलेलं होतं. माप उजव्या अंगाचंच. जागेवर आधी स्केचपेनने फुली. मूठ सोडल्यावर "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणायचं आणि मगच काटा वाचायचा. तीनदा घ्यायचं, मधला आकडा धरायचा. जिमखान्यात वजनाचा काटा होता, त्याच्यावर ते पाय ठेवायचे नाहीत. "तांब्याभर पाणी प्यालं तरी हा फसतो," म्हणायचे. "कातडी खोटं बोलत नाही, लेको."

प्राचार्यांच्या निरोप समारंभात हार घालताना त्यांनी प्राचार्यांनाही सोडलं नव्हतं. हार गळ्यात पडला आणि त्याच हाताने दंड चाचपला. माईक जवळच होता. "बावीस," असा आवाज सभागृहभर घुमला. प्राचार्यांना वाटलं आपल्या सेवेची वर्षं सांगितली. त्यांनी हात जोडले.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. जिमखान्यात एक फळा होता. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते त्यावर चरबीच्या टक्क्यांचा पहिला आकडा स्वतःचा लिहायचे. "माझा आधी, मग तुमचा." वर्षानुवर्षं तो आकडा सोळाच्या आसपास असायचा, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीही. फळ्यासमोर उभे राहून ते तो असा बघायचे, जसा दुसरा कोणी आपल्या कलमाला लागलेला पहिला आंबा बघतो.

आणि इथेच मी त्यांच्या आयुष्यात आलो. दंड, कंबर, मांडी माणूस स्वतःची स्वतः मोजू शकतो. पाठीची घडी, खांद्याच्या फळीखालची, स्वतःची स्वतःला घेता येत नाही. तिथे दुसऱ्याचा हात लागतो, आणि हात दरवेळी तोच असावा लागतो, नाहीतर आकडा हलतो. त्यांनी माझा हात निवडला. "तुमची बोटं बारीक कामाची आहेत," म्हणाले. "शिवाय तुम्ही बडबडत नाही."

तर पहिल्या सोमवारी मधल्या सुट्टीत सर आमच्या अंधाऱ्या खोलीत यायचे, जिथे भिंगांचे प्रयोग चालतात. काळा पडदा ओढायचा, बल्ब लावायचा, शर्ट काढून खुंटीला लावायचा आणि माझ्याकडे पाठ करून उभं राहायचं. मी फुली मारायचो, घडी धरायचो, मूठ सोडायचो. दोघं मिळून मोजायचो. एक हजार एक, एक हजार दोन. "किती?" "बारा." "परत." एवढंच बोलणं. इतकी वर्षं एखाद्याच्या पाठीला हात लावला की ती पाठ ओळखीची होते. उजव्या खांद्यावर एक तीळ होता. थंडीत कातडी कोरडी पडायची.

माझी स्वतःची पाठ त्यांनीच सरळ केली होती. वाकून काम करून करून कमरेत उसण भरायची, दोन दोन दिवस उठता यायचं नाही. सर महिनाभर रोज सकाळी घरी आले. मला जमिनीवर पालथं घालून व्यायाम करून घेतले. बायको चहा विचारायची तर म्हणायचे, "साखर नको वहिनी, आणि ह्यांनाही देऊ नका." ती कंबर त्यानंतर आजवर धरलेली नाही. हे मी विसरलेलो नाही. विसरलो असतो तर सोपं झालं असतं.

माझी मुलगी प्राजक्ता. घरात प्राजू. अकरावीला ती आमच्याच कॉलेजात आली आणि खो-खोच्या संघात शिरली. खांबावर सूर मारण्यात तिचा हात धरणारी दुसरी नव्हती. मैदान लॅबच्या खिडकीखालीच होतं. मी मुलांना सर्किट जोडून द्यायचो आणि मधेच खिडकीत येऊन एक सूर बघून जायचो.

जिल्ह्याच्या स्पर्धेआधी सरांनी सगळ्या मुलींना ओळीत उभं केलं आणि चिमटा काढला. मुलींचं फक्त दंडाच्या मागचं माप घ्यायचे, तेही भर मैदानात, सगळ्यांसमोर. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही. प्राजूचा नंबर आला. मी खिडकीत होतो.

"एकतीस टक्के," ते शिट्टीच्या आवाजात म्हणाले. "लॅबवाल्यांच्या घरी लोणी काढतात वाटतं. दोन किलो लोणी उतरव, मग संघात ये."

मैदान हसलं. सरांनी वर खिडकीकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघून हात हलवला, गंमत केली अशा अर्थाने. मी हसलो.

हे मला आधी लिहायचं होतं, पण लिहिता लिहिता इथवर यावं लागलं. मी हसलो. आणि माझ्या मुलीने वर मान करून मला हसताना पाहिलं.

त्या दिवसापासून तिचं नाव लोणी पडलं. त्या दिवसापासून ती जेवेनाशी झाली. आधी भात सुटला. मग भाकरी. बांगड्याचं कालवण केलं की तुकडी नळाखाली धरून सगळं खोबऱ्याचं वाटप धुवायची आणि पांढरा पडलेला मासा मीठ न लावता खायची. बायको म्हणायची, "अगो, त्याला चव काय राहिली?" ती म्हणायची, "चव कशाला हवी?" संध्याकाळी दोन बोटांनी स्वतःचा दंड चिमटीत धरून बसायची. दंडाला निळे डाग पडले. बायकांचं जे असतं ते चार महिने आलं नाही, हे मला फार उशिरा सांगितलं गेलं. एस. टी. स्टँडच्या पायऱ्यांवर ती चक्कर येऊन पडली तेव्हा दवाखान्यात नर्सने तिला एकटीने उचलून खाटेवर ठेवलं. सोळा वर्षांच्या मुलीला, एकटीने.

वर्ष बुडालं. तिला चिपळूणला मावशीकडे ठेवली. तिथे ती हळूहळू माणसांत आली. खो-खो परत खेळली नाही.

मी सरांकडे गेलो होतो. मांडवीला, त्यांच्या घरी. रस्ताभर काय काय बोलायचं ते जुळवत गेलो. त्यांनी बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. वाईटही वाटलं त्यांना, नाही असं नाही. मग अंगठा आणि बोट घासत म्हणाले, "पण लॅबवाले, मी फक्त आकडा सांगितला. आकड्याला दोष देऊन कसं चालेल? तुम्ही सायन्सचे. बरोबर आहे ना?"

जुळवलेलं सगळं माझ्या तोंडात होतं. मी म्हणालो, "बरोबर आहे, सर."

पाण्याचा पेला खाली ठेवला आणि घरी आलो.

तुम्ही कधी कुणाचा सूड घ्यायचं मनात आणलं असेल तर तुम्हाला माहीत असेल, त्याला राग पुरत नाही. राग येतो नि जातो. सुडाला स्वतःची लाज लागते. ती माझ्याकडे भरपूर होती. फक्त संधी हवी होती, आणि ती जूनमध्ये आपल्या पायाने चालत आली.

दरवर्षी कॉलेज सुरू झालं की सर चिमट्याची पेटी माझ्याकडे तपासायला द्यायचे. जांभळ्या मखमलीची पेटी. स्प्रिंगांचा दाब बरोबर आहे की नाही ते त्याला वजनं लटकवूनच बघता येतं, आणि वजनं लॅबमध्ये. मी तपासायचो, चिठ्ठीवर 'तपासले, ठीक' लिहून सही करायचो आणि ती चिठ्ठी पेटीत ठेवायचो. सरांचा त्या चिठ्ठीवर देवावर नसेल एवढा विश्वास.

त्या जूनमध्ये पेटी उघडली आणि इतकी वर्षं न वाचलेली गोष्ट वाचली. झाकणाच्या आत टक्केवारीचा तक्ता चिकटवलेला होता, ज्यात बघून ते आकडा सांगायचे. त्यात वयाचे रकाने होते. सगळे मोठ्या माणसांचे. सोळा वर्षांच्या पोरीसाठी त्यात जागाच नव्हती. सरांनी तिला शेजारच्या रकान्यात बसवलं होतं. चारचार जागांची मापं घेऊन करायचा हिशेब एका दंडावरून केला होता. म्हणजे एकतीस हा आकडा आकडा नव्हताच. माझ्या मुलीने एका खोट्या आकड्यासाठी वर्षभर मासा धुवून खाल्ला होता.

मी हे घेऊन सरांकडे जाऊ शकलो असतो. झाकण उघडून दाखवलं असतं तर त्यांनी मान्य केलं असतं, असा तो माणूस होता. मला त्यांचं मान्य करणं नको होतं. मला ते त्यांच्या अंगाला भोगायला लावायचं होतं.

चिमट्याच्या दोन्ही स्प्रिंगा मी काढल्या आणि तेवढ्याच लांबीच्या, पण मऊ, लॅबच्या खणातल्या स्प्रिंगा बसवल्या. हे करायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. स्प्रिंग मऊ झाली की घडी कमी दबते, आणि कमी दबली की काटा जास्त दाखवतो. मिटलेल्या चिमट्याचं शून्य मात्र शून्यावरच राहतं. सर दरवेळी शून्य बघायचे. शून्य बिचारं बरोबरच असायचं.

चिठ्ठी लिहिली. तपासले, ठीक. सही केली. मूळच्या स्प्रिंगा आगपेटीत घालून खणात ठेवल्या.

पहिल्या सोमवारी ते अंधाऱ्या खोलीत आले, शर्ट काढला, पाठ केली. एक हजार एक, एक हजार दोन.

"किती?"

"पंधरा."

खांद्याच्या फळ्या जवळ आल्या. पाठीलाही चेहरा असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"परत घ्या."

परत पंधरा. तिसऱ्यांदा साडेपंधरा. ते शर्ट घालून निघाले तेव्हा गुंडी चुकीच्या काजात गेली होती. फळ्यावर त्यांनी लिहिलं, एकोणीस. कुणाला दिसू नये असं बारीक नाही, नेहमीच्याच मोठ्या अक्षरात.

हे लिहिताना मला वाईट वाटत असेल असं तुम्हाला वाटत असेल तर थांबा. त्या दिवशी मी घरी जाऊन दोन वेळा भात घेतला.

सरांनी संध्याकाळचं जेवण सोडलं. जेटीच्या दोन फेऱ्यांच्या चार झाल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा पंधरा. त्यांनी तेल सोडलं, शेंगदाणे सोडले. स्टाफरूममध्ये ते काकडी खाताना मी समोर बसून खोबऱ्याची चटणी खायचो, झाकण बाजूला ठेवून. एकदा म्हणाले, "काय हो लॅबवाले, वय झालं की चरबी ऐकत नाही वाटतं." मी म्हणालो, "वाढीचं वय सर, दुसरं काय." मी कधी विनोद करत नसे. त्यांना तो आवडला. मोठ्याने हसले.

मी डगमगलो तो एकदाच. खो-खोच्या नव्या संघातली एक पोर मधल्या सुट्टीत नळाशी उभी होती, तोंडावर पाणी मारत. रडलेलं धुवत होती. दोन बोटांनी दंड चिमटीत धरलेला. चिमटा नुसता सरांनाच नव्हे, सगळ्यांनाच जास्त दाखवत होता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याकडे बघितलं नव्हतं एवढंच. त्या पोरीचाही बाप असेल कुठेतरी, खिडकीत उभा. मी तिला म्हटलं, "बाळ, घरी जाऊन पोटभर जेव." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी शिवी दिली होती. मग मी लॅबमध्ये आलो. खण उघडला, आगपेटी हातात घेतली. आणि परत ठेवली. सरांचं अजून पुरतं झालेलं नव्हतं.

गणपती गेले, दिवाळी गेली. आता जे सांगायचं आहे त्यासाठी हे सगळं सांगितलं.

काटा तेराच्या खाली जात नव्हता म्हणून सर खूश नव्हते, पण काटा मी बघत नव्हतो. घडी माझ्या बोटांत असायची. आणि माझ्या बोटांना कळत होतं. कार्तिकातल्या त्या सोमवारी घडी बोटांत आली ती पूर्वीसारखी भरीव नव्हती. मार्गशीर्षात आणखी पोकळ. रिकाम्या पिशवीचं कापड चिमटीत धरावं तशी. मऊ स्प्रिंग तिला दाबतच नव्हती, म्हणून काटा आपला फार उतरत नव्हता. खांद्याची फळी वर आली होती. तीळ होता तिथेच होता, पण त्याच्याखाली आता हाड लागत होतं. खऱ्या स्प्रिंगा असत्या तर काट्याने ओरडून सांगितलं असतं की हा माणूस उपासाने नाही, दुसऱ्याच कशाने तरी झिजतो आहे. सर त्याच दिवशी डॉक्टरकडे गेले असते. ते कुणाचंच ऐकायचे नाहीत, पण काट्याचं ऐकायचे.

लोक म्हणत होते, सर फार उतरलात. ते म्हणायचे, "डोळ्यांचं काय खरं? तेरा आहे अजून. कातडी खोटं बोलत नाही."

"किती?" मार्गशीर्षातल्या त्या सोमवारी त्यांनी विचारलं.

मी बोटांत त्यांची पाठ धरून उभा होतो. तीन शब्द पुरले असते. चिमटा खोटा आहे. मी म्हणालो, "तेरा."

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच केलं. त्याच्या पुढच्या महिन्यात सर आले नाहीत.

पोटात गाठ होती. घाटावर नेऊन दाखवलं, तिथल्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं. मांडवीच्या घरी परत आणलं तेव्हा त्यांच्या बायकोचा, वहिनींचा, मला फोन आला. सर बोलावतायत, येताना पेटी घेऊन या म्हणतायत. पेटी लॅबमध्येच राहिली होती. निघण्याआधी मी पडदा ओढला, मऊ स्प्रिंगा काढून आगपेटीत टाकल्या आणि मूळच्या बसवल्या. का ते विचारू नका. पुरावा लपवत होतो की मरणाऱ्या माणसाच्या तोंडात गंगाजल घालत होतो, माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

वहिनी दारातच म्हणाल्या, "डॉक्टर विचारत होते, वजन उतरायला कधीपासून लागलं. मी काय सांगू भाऊ? हे तर म्हणायचे चरबी वाढलीय. मी त्यांना ताक द्यायचं पण बंद केलं होतं."

सर भिंतीला टेकून बसले होते. शिट्टी उशाशी होती. मला बघून त्यांचा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासले गेले. दोन्ही बोटांत आता घासायला काही नव्हतं, नुसता आवाज आला, सुक्या पानासारखा. त्यांनी मला मागे बसायला सांगितलं आणि सदरा वर केला. मी फुली मारली. घडी धरायला कातडीच होती, दुसरं काही नव्हतं. तोंडातल्या तोंडात ते मोजत होते. एक हजार एक. एक हजार दोन.

"किती?"

"चार."

"परत."

"चार."

तिसऱ्यांदाही चार. सर हळूहळू वळले. मी आयुष्यात त्यांना इतकं आनंदी पाहिलं नव्हतं. "चार," ते म्हणाले. "कॉलेजात पोरगा होतो तेव्हासुद्धा सात होता. बघा. शेवटी ऐकलंच की नाही?" मग माझा हात धरून म्हणाले, "फळ्यावर लिहा सोमवारी. पेटीतला तक्ता बघा, टक्का काढा आणि मोठं लिहा. कातडी खोटं बोलत नाही. बरोबर आहे ना, लॅबवाले?"

वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. खोलीत आम्ही दोघंच. असं एकटं ते मला पुन्हा भेटणार नव्हते. जे सांगायचं ते सगळं तोंडात होतं, पूर्वी एकदा होतं तसंच.

"बरोबर आहे, सर," मी म्हणालो.

आठवड्यात ते गेले. सोमवारी मी फळ्यावर सरांचा आकडा लिहिला. तो फळा पुढे पाऊस लागेपर्यंत कुणी पुसला नाही.

आजार मी लावला नव्हता, हे मला कळतं. वेळेवर कळलं असतं तर वाचलेच असते, असंही कुणी छातीठोक सांगणार नाही. पण काही महिने त्यांचे होते. ते मी खणात ठेवले. आणि तरीसुद्धा खरं सांगतो, मैदानातला तो दिवस आठवला की आजही मला त्यांना माफ करता येत नाही. माणूस गेला, राग गेला नाही. दोन्ही एकाच घरात राहतात, एकमेकांशी बोलत नाहीत.

सर गेल्याचं प्राजूला फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, ती काहीच बोलणार नाही. ती रडायला लागली. म्हणाली, "बाबा, सूर मारायला त्यांनीच शिकवलं होतं मला. पहिल्यांदा पडले तेव्हा गुडघ्याला चुना-हळद त्यांनीच लावली." मला तिचा राग आला. कुणासाठी केलं मी हे सगळं, असं ओरडावंसं वाटलं. मग लक्षात आलं, तिने तर मला काहीच करायला सांगितलं नव्हतं. तिने त्या दिवशी फक्त वर पाहिलं होतं, खिडकीकडे.

तेराव्यानंतर वहिनींनी पेटी माझ्याकडेच ठेवायला सांगितली. सरच सांगून गेले होते म्हणे, निगा त्यांनीच राखली, त्यांनाच द्या. आता मीही निवृत्त आहे. कधी दुपारी पेटी उघडतो, दंड मोजतो, कंबर मोजतो. मग उजवा हात खांद्यावरून मागे नेतो. बोटं फळीपर्यंत जात नाहीत.

प्राजू उद्या सकाळच्या गाडीने येतेय, तिच्या लेकीला घेऊन. पेटी मी जेवणाच्या टेबलावर काढून ठेवली आहे, झाकण उघडं. मखमलीवर चिमटा, चिमट्याशेजारी आगपेटी, आगपेटीत त्या दोन मऊ स्प्रिंगा. ती विचारेल, हे काय आहे बाबा. बायको दोनदा म्हणाली, टेबलावरून उचला ते, पानं मांडायचीत. मी उचललेलं नाही.